फिकट चौकोन

भिंतीला नवा रंग देऊन झाला, तरी तो चौकोन काही जाईना. वृषालीने पेंटरला दोनदा परत बोलावलं. दोन्ही वेळा त्याने आईची शपथ घेऊन सांगितलं की डबा तोच, रंग तोच. पण उन्हं कलली की बैठकीच्या खोलीत, दिवाणासमोरच्या भिंतीवर, हातभर उंचीचा एक उजळ तुकडा वर यायचाच. बरीच वर्षं त्या जागी शुभदाचा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. शुभदा म्हणजे गिरीश पाटणकरांची पहिली बायको. वृषाली दुसरी. लग्न ठरलं तेव्हा गिरीशनी आपण होऊन तो फोटो उतरवला, जुन्या चादरीत गुंडाळून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. भिंतीला मात्र गप्प बसता येत नव्हतं.

वृषालीचं हे पहिलंच लग्न, तेही पन्नाशी उलटल्यावर. आईचं दुखणं काढता काढता लग्नाचं राहून गेलं होतं. उभी हयात तिने कराडातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून रक्तातल्या पेशी मोजल्या. पुढे ते काम यंत्र करू लागलं आणि तिला घरी बसवलं, पण डोळ्याला लागलेली सवय गेली नाही. एकदा नीट बघितलेली गोष्ट ती विसरत नसे. हा तिचा गुण होता आणि संसारात तोच तिला नडत होता.

मेलेल्या सवतीचा मत्सर करू नये, हे तिलाही कळत होतं. पण जिवंत सवतीशी निदान कडाकडा भांडता येतं. ही बया भांडायलाही येत नव्हती आणि चुकतही नव्हती. वरणाला फोडणी देताना, दाराची कडी लावताना, गिरीशच्या कपाटात इस्त्रीचे शर्ट ठेवताना वृषालीला वाटायचं, हे सगळं कुणीतरी आपल्या आधी आणि आपल्याहून बरं करून गेलंय. त्यात तो चौकोन रोज संध्याकाळी हजेरी लावायचा.

तेव्हा तिने ठरवलं की भिंतीवर टीव्ही लावायचा, चांगला मोठा, चौकोन पुरता झाकून टाकणारा.

दुकानात गेल्यावर कळलं की बंद केल्यावर काळ्या आरशासारखा दिसणारा टीव्ही आता कुणी घेतच नाही. सगळे टीव्ही बंद झाले की चित्र होतात. चौकट लाकडाची, पडद्याला कॅनव्हाससारखी खरखरीत साय. खोलीत जितका उजेड तितकाच चित्राला, त्यामुळे आतून दिवा लावल्यासारखं वाटत नाही. जवळ जाऊन बोट लावावंसं वाटावं, इतकं खरं. दुकानदाराने दोन-तीन तऱ्हा दाखवल्या. एकात जुन्या नामवंत चित्रांचा संग्रह होता. दुसऱ्यात घरातले फोटो आपोआप फिरत राहायचे. ‘म्हणजे कसं, आपली जुनी माणसं—’ असं तो म्हणतोय तोच वृषाली म्हणाली, हा नको.

गिरीश नुसते हसले. तिला ते हसणंही खटकलं.

तिसऱ्या टीव्हीचं नाव होतं ‘रंगसाक्षी’. हा स्वतःच चित्र काढत होता. चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांत मसुराएवढे दोन डोळे होते. एक खोलीच्या डाव्या बाजूवर नजर ठेवायचा, दुसरा उजव्या. कोण कुठे बघतंय, किती वेळ बघतंय आणि बघताना डोळ्यातली बाहुली किती रुंदावते, एवढंच ते टिपायचे. माणसाचं लक्ष एखाद्या गोष्टीत गुंतलं की बाहुली केसभर मोठी होते. ते त्याच्या हातात नसतं आणि त्याला कळतही नाही. चष्म्याचा नंबर काढताना डॉक्टर भिंगं बदलत विचारतो ना, हे बरं की मघाचं बरं? तसंच हे यंत्र तोंडाने न विचारता दिवसभर विचारत राहायचं. चित्रात कुठे एक रेघ हलवायची, कुठे सावली गडद करायची. नजर तिथे रेंगाळली तर ठेवायची, नाहीतर पुसायची. बदल इतके बारीक आणि सावकाश, की घरच्यांना ते होताना दिसत नसत. सहा महिन्यांत चित्र त्या घराचं होऊन जातं, दुसऱ्या कुणाच्या भिंतीवर तसं सापडत नाही, असं दुकानदार म्हणाला.

वृषालीला ते आवडलं. ह्या घरात तिच्याआधी जे आलेलं नाही, असं काहीतरी तिला हवंच होतं.

टीव्ही बसवायला आलेल्या माणसाने पट्टी लावून, पाण्याचा बुडबुडा बघून भिंतीवर खुणा केल्या. त्याचं म्हणणं, चित्राचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर यावा, म्हणजे मान अवघडत नाही. पण त्या मापाने लावला असता तर फिकट चौकोनाची वरची पट्टी उघडी राहिली असती. वृषालीने वर घ्यायला लावला. मान दुखली तर दुखू दे, ती म्हणाली. मधे फोटोचा जुना खिळा येत होता, तो त्या माणसाने पकडीने उपसून काढला आणि कचऱ्यात टाकायला निघाला. गिरीशनी हात पुढे केला, खिळा घेतला आणि शर्टाच्या खिशात टाकला. वृषालीने ते बघितलं.

नव्या वस्तूला हळदकुंकू लावल्याशिवाय वापरायची नाही, ही तिच्या आईची शिस्त. लॅबमधल्या सूक्ष्मदर्शकालाही तिने लावलं होतं. तसं इथेही चौकटीच्या वरच्या पट्टीवर मधोमध स्वस्तिक काढलं, फूल वाहिलं. खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीतून गिरीश म्हणाले, माझ्याकडच्या बाजूलाही एक बोट लाव की. उजव्या कोपऱ्यात स्क्रूचं काळं डोकं दिसत होतं, तेही झाकलं जाईल म्हणून तिने नेमकं त्यावर ओल्या कुंकवाचं बोट टेकवलं. पूजेचं कुंकू आपल्या हाताने पुसायचं नसतं. पुढच्या दसऱ्याला नवं लागेल तोवर राहू द्यायचं. त्यामुळे धूळ झटकताना तेवढी जागा ती सोडून देई.

सुरुवातीला चित्र साधंच होतं. नदी, दगडी घाट, पलीकडे झाडी. कंपनीने दिलेल्या चित्रांतून वृषालीनेच ते निवडलं, कारण त्यात माणूस नव्हता.

पावसाळा संपता संपता घाटाच्या सगळ्यात खालच्या पायरीवर एक ठिपका दिसू लागला. कळशी असेल म्हणून तिने निरखून बघितलं. काही दिवसांनी कळशीला खांदे आले. मग पदर आला. पाठमोरी उभी असलेली एक बाई, नदीकडे तोंड करून. वृषाली उठून चित्राजवळ गेली.

माणसाला जे बघावंसं वाटतं ते हे यंत्र काढतं. तिला तर कुणी बाई बघायची नव्हती. मग बघायची होती कुणाला? गिरीश रोज संध्याकाळी चहाचा कप घेऊन खुर्चीत बसत आणि भिंतीकडे बघत. चेहऱ्यावर एक निवांतपणा असे, जेवण मनासारखं झाल्यावर असतो तसा. वृषाली समोरच्या दिवाणावर भाजी निवडत बसे. तिचा एक डोळा त्यांच्यावर असे, एक चित्रावर, आणि भाजीतल्या अळ्या त्या हंगामात सुखाने जगल्या.

दुपारी गिरीश वाचनालयात गेले की ती कपाटातला फोटो खाली काढी. त्या घरात शुभदाचा धड असा तो एकच फोटो होता. तिला फोटो काढून घ्यायचा तिटकारा. कुणी मोबाइल समोर धरला की ती तळहात आडवा करायची. होते नव्हते ते तिच्याच फोनमध्ये, आणि तो फोन तिच्यामागे कुणाला उघडता आला नाही. कुणाच्याशा लग्नात नकळत टिपलेला हा एक मोठा करून घेतला होता. वृषाली तो खिडकीपाशी नेऊन बघे. डावी भुवई जराशी वर, कुणाला काही विचारत असल्यासारखी. हनुवटीवर बारीकसा व्रण. नाकात चमकी, तीही मधोमध नाही, किंचित खाली टोचलेली. सगळं डोळ्यांत साठवून ती फोटो जागेवर ठेवी आणि दिवाणावर येऊन चित्रातल्या बाईकडे टक लावून बसे. वळलीय का ही? हनुवटी तीच का?

बाई हळूहळू वळली. आधी गालाची कड, मग नाक, मग भुवई. भुवई डावीच होती, आणि वर गेलेली.

गवार मोडता मोडता वृषालीने एकदाचं विचारलं, “कपाटातल्या त्या फोटोचं काय करायचं ठरवलंय?”

भांडणाची तयारी तिने दोन दिवस केली होती. ते काय म्हणतील आणि आपण काय म्हणू, सगळं पाठ होतं. गिरीशनी आधी भिंतीकडे बघितलं, मग तिच्याकडे.

“आता त्याची गरज नाही,” ते म्हणाले. “संगमावर सोडून येऊ.”

तिची सगळी उत्तरं वाया गेली. दुसऱ्याच दिवशी दोघं प्रीतिसंगमावर गेली. गिरीशनी चौकट आणि काच वेगळी केली, कागद हलकेच पाण्यावर ठेवला आणि हात जोडले. कोयना-कृष्णेच्या पाण्यात तो थोडा गरगरला, भिजला, दिसेनासा झाला. नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी असेल म्हणून वृषालीने चोरून बघितलं, तर चेहरा शांत. परतताना त्यांनी दोघांना भेळ घेतली आणि चवीने खाल्ली. जिंकल्यावर इतकं कडू लागतं हे वृषालीला माहीत नव्हतं. घरात त्याहून खरी बाई टांगलेली असताना कागद सोडायला कुणाच्या जिवावर येणार, हाच विचार तिच्या डोक्यात घुमत राहिला.

त्यानंतरच्या दिवसांत चित्रातल्या बाईने चेहरा पुरता समोर केला. व्रण आला, चमकी आली, किंचित खाली टोचलेली. नदीत सोडलेली बाई घाटाच्या पायऱ्या चढून वर आली होती आणि वृषालीकडे बघून विचारत होती, कोण गं तू?

वृषालीने कंपनीला फोन केला. चित्र बिघडलंय, मुळापासून पुसून द्या, म्हणाली.

ईश्वरी नावाची पंचविशीची मुलगी आली, पाठीवर पिशवी, हातात तपासायचं यंत्र. गिरीश फिरायला गेले होते, आणि वृषालीने वेळ तीच साधली होती. ईश्वरीने चौकटीवरून बोट फिरवलं आणि उजव्या कोपऱ्यात थांबली.

“काकू, इथे कुंकू कुणी लावलं?”

“मीच. पूजा केली होती. का गं?”

ईश्वरीने ओल्या कापसाने ते पुसलं. खालून स्क्रू नाही, मसुराएवढा काळा मणी निघाला. हा उजवा डोळा, ती म्हणाली, खिडकीची बाजू ह्याची. पहिल्या दिवसापासून बंद आहे. यंत्राची समजूत झाली होती की त्या बाजूला कुणी बसतच नाही.

“मग हे चित्र?” वृषालीने विचारलं. आवाज तिचा तिलाच बारीक वाटला.

“डाव्या डोळ्याने जे टिपलं त्याचंच. दिवाणावर कोण बसतं?”

वृषालीची नजर दिवाणाकडे गेली. लॅबमध्ये तिने हे कितीदा बघितलं होतं. अहवाल बरोबर असतो, नमुनाच दुसऱ्याचा असतो. गिरीशच्या नजरेचा त्या भिंतीवर कणही नव्हता. ती कळशी तिने निरखली म्हणून तिला खांदे फुटले होते. तिने चेहरा शोधला म्हणून बाई वळली होती. दुपारी फोटोतून डोळ्यांत भरून आणलेली भुवई, चमकी, व्रण, सगळं तिने स्वतःच्या हाताने, हाताने कसलं, डोळ्यांनी, तिथे नेऊन ठेवलं होतं.

“पण मला ती आवडत नव्हती,” ती म्हणाली.

ईश्वरी हसली. यंत्राला त्यातलं काही कळत नाही, म्हणाली. नजर खिळली, बाहुली रुंदावली, एवढंच त्याला दिसतं. साप दिसला तरी माणूस टक लावूनच बघतो. मग तिने हातातलं यंत्र पुढे केलं. इथे दाबलं की चित्र मूळ घाटावर जाईल. मात्र गेलं ते गेलं, परत आणता येणार नाही.

“नको.”

गिरीश दारात उभे होते. चपला काढायच्याही राहिल्या होत्या. ते आत आले, वेताच्या खुर्चीत बसले आणि भिंतीकडे न बघता बोलू लागले.

“मला वाटलं, तूच तिला जागा दिलीस. रोज थोडी थोडी. म्हटलं, ही बाई एक शब्द न बोलता केवढं करतेय. म्हणून तर फोटो सोडला मी. वाटलं, आता कपाटात कशाला, भिंतीवर आहे की. दुसरा नाही माझ्याकडे.”

ईश्वरीने यंत्र पिशवीत घातलं. जाताना दारात वृषालीला हळूच सांगून गेली की आता दोन्ही डोळे उघडे आहेत, चित्र हलत राहील. नजर टिकेल तेवढंच ते टिकेल.

ती गेल्यावर वृषालीने सगळं सांगून टाकलं. मायेने नाही बघितलं मी, म्हणाली. जळत होते. तुमच्या खिशातल्या खिळ्यावरसुद्धा जळत होते. नदीत फोटो गेला तेव्हा आत कुठेतरी मला बरं वाटत होतं. बोलताना तिला रडू आलं आणि रडण्याचाही राग आला.

गिरीशनी खिशातून रुमाल काढून तिच्यापुढे धरला.

“डोळे मिटले की मला तिचा आवाज येतो,” ते म्हणाले. “चेहरा येत नाही. दोन-तीन वर्षं झाली, येतच नाही. फोटो बघूनसुद्धा तो फोटोच आठवायचा. तू कशानेही बघितलं असशील. पण बघितलंस.”

त्या दिवसापासून वृषालीच्या छातीवरचा धोंडा उतरला. आमटीत मीठ नीट पडू लागलं. संध्याकाळी दोघं आपापल्या जागी बसत, चहा घेत आणि घाटाकडे बघत. आणि थोड्याच दिवसांत चमकी गेली.

आधी तिला वाटलं, उजेडाचा खेळ असेल. मग व्रण पुसट झाला, भुवई खाली आली आणि चेहरा कुणाही बाईचा असतो तसा होऊ लागला. गिरीशचा डोळा आता उघडा होता, पण ते निवांत बघत, सगळ्या घाटावरून, नदीवरून, आणि तृप्त माणसाची बाहुली काही रुंदावत नाही. वृषालीचीही आता रुंदावत नव्हती. ती मुद्दाम टक लावून बसली, मायेने बघून बघितलं, भुवई आठवून आठवून बघितली. उपयोग झाला नाही. डोळ्याच्या बाहुलीला खोटं बोलता येत नाही, आणि वृषालीचं मन आता निवलं होतं. एका संध्याकाळी गिरीशनी चष्मा काढून पुसला, परत लावला, परत काढून पुसला आणि पेपर उघडला.

वृषाली दिवाणावरून ते बघत होती. नदीत सोडलेला कागद परत येणार नव्हता. शुभदाचा चेहरा आता जगात एकाच माणसाला नीट माहीत होता, आणि तो तिच्या डोळ्यांदेखत बुडत होता.

“अहो,” ती म्हणाली, “शुभदाताई आमटी कशी करायच्या?”

ताई हा शब्द त्या घरात पहिल्यांदाच आला. गिरीशनी पेपर खाली केला. आधी चाचरत, मग मोकळे होत सांगू लागले. खोबरं भाजून घालायची, चिंच नाही, आमसूल. फोडणी तडतडली की स्वतःशीच गुणगुणायची. एकदा पाटणच्या रस्त्यावर स्कूटर बंद पडली, तर तिने पिशवीतून डबा काढला, पुलाच्या कठड्यावर बसली आणि म्हणाली, आधी जेवू, मग बघू. “मी म्हटलं, शुभे, अगं लोक बघतायत,” गिरीश म्हणाले आणि हसले. मान मागे टाकून, डोळे बारीक करून.

शुभे. हे नाव वृषालीने कधी ऐकलं नव्हतं. असं हसूही तिच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. पोटात ती जुनी कळ उठली, ओळखीची, तिखट. तिने ती दाबली नाही. डोळे उचलून सरळ भिंतीकडे बघितलं आणि बघत राहिली.

दोन दिवसांनी सकाळी केर काढताना तिला दिसलं, घाटावरच्या बाईच्या नाकात चमकी परत आली होती, किंचित खाली टोचलेली. संध्याकाळी तिने चहाचे दोन कप आणले, एक गिरीशच्या हातात दिला आणि दिवाणावर आपल्या जागी बसली.

“मग?” ती म्हणाली. “पाटणच्या रस्त्यावर पुढे काय झालं?”